एक रुपयास एक छायाचित्र

सुरत म्हटले की मराठी माणसास प्रथम आठवते ती १६६४ सालची शिवछत्रपतींची स्वारी, आणि मग सुरती जर व घारी. ज्यांनी इतिहास जरा बारकाईने वाचला आहे त्यांस हेही ठाऊक असेल की त्या धामधुमीत फादर अँब्रोज नावाच्या कापुचिन धर्मगुरूंच्या निवासास महाराजांनी धक्का लागू दिला नाही. फ्रेंच प्रवासी बर्निए याने आपल्या प्रवासवृत्तात तशी नोंद करून ठेवली आहे. परंतु आज त्या सुरतेची कथा सांगावयाची नाही. मुंबईहून निघालेली आगगाडी सुरतेस पोहोचण्यापूर्वी सुमारे तीस किलोमीटर अलीकडे नवसारीचे स्थानक लागते. त्या गावी जन्मलेल्या एका मुलीने विद्यार्थिदशेत हाती कॅमेरा धरला, आपली छायाचित्रे वर्तमानपत्रास विकली आणि पुढे साऱ्या देशाचा इतिहास फिल्मवर उतरवून ठेवला. तिची हकीकत, ज्यांच्या घरी महाविद्यालयात जाणारी मुले आहेत अशा आईबापांच्या कानी घालावी म्हणून हा लेख.

त्यास कारणही घडले आहे. ज्या फिल्मच्या कॅमेऱ्यांस आपण कपाटाच्या वरच्या फळीवर निवृत्त करून ठेवले होते, ते आता मुले पुन्हा खाली काढू लागली आहेत. आजोबांचा कॅमेरा दुरुस्त करून द्या, त्यात घालावयास रोल आणून द्या, असा हट्ट शहरातल्याच नव्हे तर खेड्यातल्या घरांतूनही ऐकू येतो. मोबाइलवर हजार फोटो फुकट निघत असता छत्तीस फोटोंच्या एका रोलसाठी कित्येक शेकडे रुपये कशास मोजावयाचे, असे बाप विचारतो. प्रश्न वाजवी आहे. ज्या घरी मिरचीच्या भावावर मुलाची फी अवलंबून असते त्या घरात तर तो विचारलाच पाहिजे. मुलगा म्हणतो, मला नुसते फोटो काढावयाचे नाहीत, मला छायाचित्र-निबंध करावयाचा आहे. हा कोणता नवा निबंध, म्हणून आई चकित होते.

तेव्हा प्रथम तेच सांगतो. लग्नाच्या आल्बममध्ये शंभर छायाचित्रे असतात, पण तो निबंध नव्हे. कोण कोणाच्या शेजारी उभे होते याची ती यादी असते. छायाचित्र-निबंधात आठ-दहाच चित्रे असतील, पण पहिल्याने दार उघडावे, दुसऱ्याने आत न्यावे, तिसऱ्याने कोणाचे तरी तोंड दाखवावे, चौथ्याने त्याचे हात, आणि शेवटच्या चित्रापाशी आल्यावर पाहणाऱ्यास त्या माणसाची ओळख झालेली असावी, अशी त्यांची रचना असते. अमेरिकेतील ‘लाइफ’ नावाच्या साप्ताहिकाने २० सप्टेंबर १९४८ च्या अंकात असा एक निबंध प्रसिद्ध केला होता. विषय होता कोलोरॅडो प्रांतातील क्रेमलिंग नावाच्या लहानशा गावचा डॉक्टर अर्नेस्ट सेरिआनी. यूजीन स्मिथ नावाचा छायाचित्रकार तेवीस दिवस त्या डॉक्टरच्या मागोमाग सावलीसारखा फिरला. आरंभी काही काळ त्याने कॅमेऱ्यात फिल्मच घातली नव्हती असे सांगतात. डॉक्टरास त्याच्या वावराची सवय व्हावी, एवढाच हेतू. त्या निबंधाच्या आरंभी ढगाळ आभाळाखाली हातात पेटी घेऊन रानगवतातून चाललेला डॉक्टर दिसतो. पुढे घोड्याची लाथ लागलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या कपाळास तो टाके घालतो. एका चित्रात तो स्वयंपाकघरात कॉफीचा पेला हाती घेऊन थकून उभा आहे. बाळंतपणात आई व मूल दोघेही गेली आहेत. त्या चित्राखाली एक अक्षर नसते तरी चालले असते. आपल्या गावातला जो डॉक्टर पावसाळ्यात कंदील घेऊन बांधावरून येत असे, तो ज्यांना आठवतो त्यांस हा निबंध परका वाटणार नाही.

असे काम करावयास वेळ लागतो, आणि फिल्मवर करावयाचे तर पैसाही लागतो. यूजीन स्मिथच्या पाठीशी लक्षावधी वाचकांचे साप्ताहिक होते. विद्यार्थ्याच्या पाठीशी कोण असते? इथेच नवसारीच्या मुलीची कथा सुरू होते.

होमाई हिचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीस झाला. नवसारी तेव्हा बडोदे संस्थानात होती, म्हणजे गादीवर आपले सयाजीराव गायकवाड महाराज होते. संस्थान विलीन झाल्यावर ती सुरत जिल्ह्यात गेली, १९६४ मध्ये वलसाड जिल्ह्यात, आणि १९९७ पासून तिचा स्वतंत्र जिल्हा आहे. जमशेटजी टाटांचे हे जन्मगाव. पण प्रत्येक पारशी घरात टाटांची लक्ष्मी नांदत होती असे समजू नये. होमाईचे वडील दोसाभाई हाथीराम हे पारशी-उर्दू नाटक मंडळीत नट होते. नाटक मंडळीचे जिणे कसे असते हे मराठी वाचकांस सांगावयास नको. आज या गावी मुक्काम, उद्या त्या गावी. खेळ चालला तर जेवण, नाही तर उधारी. कुटुंब पुढे मुंबईस आले, तेथेही परवडेल तशी बिऱ्हाडे बदलीत राहिले. अशा ओढगस्तीत मुलीला शाळेत टिकवून ठेवणे सोपे नव्हते. तरी ती टिकली, आणि आपल्या वर्गात मॅट्रिकपर्यंत पोहोचलेली ती एकटीच मुलगी होती. मुलींनी इतके शिकून काय करावयाचे असा तो काळ. (तो काळ पूर्ण गेला आहे असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही, पण ते असो.)

१९२६ मध्ये, ती तेरा वर्षांची असता, एका रेल्वे स्थानकावर माणेकशा व्यारावाला या तरुणाशी तिची ओळख झाली. माणेकशा पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कचेरीत हिशेबनिसाचे काम करीत, आणि फावल्या वेळात छायाचित्रे काढीत. ही विद्या त्यांनी कोणत्याही शाळेत न जाता स्वतःच हस्तगत केली होती. होमाईने कॅमेरा हाती धरावयाचे शिक्षण त्यांच्यापाशी घेतले. पुढे मुंबई विद्यापीठात शिकून ती सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेच्या अभ्यासास गेली.

तेथे शिकत असता, १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, कलाशाळेतील मुलींच्या मंडळाची एकदा सहल निघाली. होमाईने त्या सहलीची छायाचित्रे घेतली. मुली हसत आहेत, खेळत आहेत, एवढेच त्यात होते. पण त्या काळी वर्तमानपत्रांतून स्त्री दिसे ती बहुधा महाराणी म्हणून, नटी म्हणून किंवा सत्याग्रही म्हणून. शिकणाऱ्या साध्या मुली मोकळेपणाने हसताना दिसणे हीच नवलाई होती. सर फिरोजशहा मेहतांनी स्थापन केलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या पत्राने ती चित्रे घेतली आणि छापली. मोबदला मिळाला तो एका छायाचित्रास एक रुपया.

वाचकहो, हा रुपया जरा हातात घेऊन पाहू या. त्यातून काय काय भागवावयाचे होते? प्रथम फिल्म. होमाईबाईंनी पुढे जो रोलीफ्लेक्स कॅमेरा वर्षानुवर्षे वापरला तो गळ्यात अडकवून छातीशी धरावयाचा असतो. वर एक व खाली एक अशी दोन भिंगे, आणि वरच्या काचेत मान खाली घालून पाहावयाचे. काचेत जग उलटे दिसते, म्हणजे डाव्याचे उजवे. माणूस डावीकडे चालला तर काचेत तो उजवीकडे जातो, आणि नवशिक्याची त्रेधा उडते. त्याच्या एका रोलवर बाराच छायाचित्रे निघतात. बारांपैकी एखाद्यात डोळे मिटलेले, एखाद्यात हात हललेला. जी उरतात त्यांतून संपादक दोन-चार निवडणार. तेव्हा उरलेल्या साऱ्यांचा खर्च त्या दोन-चार रुपयांतूनच काढावयाचा. शिवाय डेव्हलपर, हायपो आणि छापावयाचा कागद. विद्यार्थ्याने घातलेला प्रत्येक चुकीचा बटनाचा टिचका त्याच्याच खिशातून जात असे. त्यामुळे फोटो काढण्यापूर्वी पाहावयाची सवय आपोआप लागे. उजेड कोठून येतो आहे, मागे काय आहे, आता काढावा की आणखी क्षणभर थांबावे.

इथे सुरतेची एक गंमत सांगून टाकतो. फिल्मवर चित्र उमटते ते चांदीमुळे. चांदीच्या क्षारांचे अत्यंत बारीक कण जिलेटिनमध्ये कालवून त्याचा थर पातळ पट्टीवर दिलेला असतो. त्यावर प्रकाश पडला की त्या कणांत न दिसणारा फरक होतो; डेव्हलपरमध्ये बुडविल्यावर त्या कणांची काळी चांदी होते, आणि ज्यांवर प्रकाश पडला नाही ते हायपोने धुऊन काढावयाचे. राहिली ती निगेटिव्ह. आपल्या पैठणीच्या पदरात जी खरी सुरती जर चमकते तीही मुळात चांदीची तार. रेशमी धाग्याभोवती गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. म्हणजे लग्नाच्या दिवशी नवरीच्या अंगावरच्या शालूत चांदी आणि तिच्या फोटोतही चांदी. रोल महाग का, याचे एक कारण यातच आहे.

रोल धुणे हा आपल्या हवेत आणखी एक उपद्व्याप होता. औषधाचे पाणी सुमारे वीस अंशांवर असावे लागते. मुंबई-सुरतेकडे वैशाखात नळाचे पाणी हाताला कोमट लागते. तशा पाण्यात फिल्म बुडविली तर जिलेटिन मऊ पडते, सुरकुतते, कधी थरच सुटतो. म्हणून बर्फाचा खडा आणून ठेवावयाचा, तो वितळण्यापूर्वी काम उरकावयाचे, आणि हे सारे मिट्ट काळोखात. फिल्मला लाल दिवादेखील चालत नाही. तो चालतो छापावयाच्या कागदाला. शहरातल्या लहान बिऱ्हाडांत न्हाणीघराची खिडकी कांबळ्याने बुजवून रात्री सारे निजल्यावर हे काम करणारे हौशी लोक पुष्कळ होते. भारतात फिल्म तयार करण्यासाठी १९६० मध्ये उटकमंडला ‘हिंदुस्तान फोटो फिल्म्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे निघणारी ‘इंदू’ फिल्म आपल्या गावच्या स्टुडिओतूनही असे. पुढे तो कारखाना बंद पडला. आज मुलांस मिळणारी फिल्म परदेशची, म्हणून तिच्यावर जकात व वाहतूक चढते. हे दुसरे कारण.

पुन्हा होमाईकडे येऊ. त्या पहिल्या सहलीनंतर तिने कलाशाळेतील सहाध्यायिनी, मुंबईचे रस्ते, कामावर निघालेल्या बायका असे आपल्या आसपासचेच विषय घेतले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’साठी तिची कामे सुरू झाली. एकेकटे चित्र न छापता एकाच विषयावरील चित्रांची मालिका पानभर मांडण्याची प्रथा त्या साप्ताहिकात होती. म्हणजे मघाशी सांगितलेला निबंधच. मात्र चित्रांखाली नाव छापले जाई ते होमाईचे नव्हे. ते असे माणेकशांचे. ती अपरिचित, त्यातून स्त्री; तिच्या नावाने चित्र गेले तर कोण गंभीरपणे घेणार? उभयतांचा विवाह १९४१ मध्ये झाला.

यावर कोणी म्हणेल, पतीचे नाव म्हणजे घरचेच नाव, त्यात काय बिघडले? मला तसे वाटत नाही. शेतात बाईने रोपे लावावी, बाईने निंदणी करावी, आणि सातबाऱ्यावर मात्र पुरुषाचेच नाव असावे, त्याच जातीची ही गोष्ट. माणेकशांनी पत्नीला हात धरून शिकविले, तिच्या कामासाठी अंधाऱ्या खोलीत रात्री घालविल्या. दोष त्यांचा नव्हता, छापणाऱ्यांचा आणि पाहणाऱ्यांचा होता. होमाईबाईंनी स्वतः मात्र यातूनही लाभ काढला. बाई हातात कॅमेरा घेऊन आली तर तिला कोणी हटकीत नसे. ही काय फोटो काढणार, अशा समजुतीने लोक आपापल्या कामात राहत, आणि त्यामुळेच चित्रे खरी येत, असे त्या पुढे सांगत असत.

१९४२ मध्ये उभयता दिल्लीस गेली. ब्रिटिश माहिती खात्यात होमाईबाईंना काम मिळाले, बाहेरची कामे घेण्याची मुभाही मिळाली. तेथून पुढची हकीकत मोठ्या माणसांची आहे, म्हणून मी ती थोडक्यात आटोपतो. ती पुस्तकांतून मिळते. साडी नेसलेली, पाठीवर जड सामान घेतलेली ही बाई दिल्लीच्या रस्त्यांतून सायकलने कामावर जाई. जून १९४७ मध्ये फाळणीच्या प्रस्तावावर काँग्रेस नेत्यांचे हात वर झाले तो क्षण तिच्या फिल्मवर आहे. १६ ऑगस्ट १९४७ रोजी लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, माउंटबॅटन यांचे प्रस्थान, गांधीजींची अंत्ययात्रा, १९५६ मध्ये नाथू ला ओलांडून सिक्कीममध्ये उतरलेले तरुण दलाई लामा, कबुतर उडविणारे पंडित नेहरू, हे सारे आपण कोठे ना कोठे पाहिलेले असते. कोणी काढले हे मात्र ठाऊक नसते. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेस जावयास निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पतीसह जाऊ, असे ठरून परत फिरल्या. दुसरा दिवस तसा उगवला नाही. त्याची रुखरुख त्यांना जन्मभर राहिली.

त्यांचे टोपणनाव ‘डालडा १३’ असे होते. ऐकून हसू येते, पण त्यामागे हिशेब आहे. जन्म १९१३ चा, पतीची भेट तेराव्या वर्षी, आणि त्यांच्या पहिल्या मोटारीचा क्रमांक ‘डीएलडी १३’. तेरा हा आकडा अशुभ मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

१९६९ मध्ये माणेकशा वारले, आणि १९७० मध्ये होमाईबाईंनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. वय अवघे छप्पन्न-सत्तावन्न, हात पूर्वीइतकेच स्थिर. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की, सभांतील बेशिस्त आणि पाहुण्यांसमोरचे वर्तन त्यांना रुचेना. अशा गर्दीत उभे राहण्यात मान नाही, असे त्यांचे मत झाले. त्या प्रथम पिलानीस मुलाकडे राहिल्या, नंतर बडोद्यास. १९८९ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा कर्करोगाने गेला. त्यानंतरची वीस-बावीस वर्षे त्या बडोद्यातील घरी एकट्याच राहिल्या. घरातली सुतारकामे व नळदुरुस्ती स्वतः करीत, बागेत खपत. शेजाऱ्यापाजाऱ्यांतील कितीकांना या म्हाताऱ्या बाई पूर्वी कोण होत्या याची कल्पनाही नसेल.

निगेटिव्ह मात्र त्यांनी जपल्या होत्या. सबीना गडिहोके या अभ्यासिकेने त्यांच्यापाशी बसून, एकेक चित्र समोर ठेवून, सारी हकीकत काढून घेतली आणि २००६ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. नेहरू व माउंटबॅटन यांची चित्रे लोकांना अपेक्षित होतीच. अनपेक्षित होती ती मुंबईतील विद्यार्थिदशेची चित्रे. ज्यांना एकेका रुपयाचे मोल आले होते, त्या मुली सत्तर वर्षांनंतर पुन्हा हसत समोर आल्या, आणि या वेळी खाली नाव होते होमाई व्यारावाला. संग्रह त्यांनी दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि १५ जानेवारी २०१२ रोजी बडोद्यास, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

होमाईबाईंसारखा घरात शिकविणारा माणूस प्रत्येकास लाभत नाही. तेव्हा आणखी एक उदाहरण सांगणे जरूर आहे, कारण त्यात पैशाचा प्रश्न अधिक उघडपणे येतो. सूनी तारापोरवाला याही पारशीच. आडनाव आपल्या किनाऱ्यावरच्या तारापूरचे. जन्म १९५७, मुंबई. शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकत असता १९७७ मध्ये त्यांनी आपल्या खोलीतील मैत्रिणीकडून उसने पैसे घेऊन पहिला चांगला कॅमेरा विकत घेतला. सुटीत घरी आल्या की आजी, आजोबा, काका, मावशी, घरातले नवजोत, लग्ने, हेच विषय. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे देणार नव्हते. पुढे रघुवीर सिंह या नामांकित छायाचित्रकाराने ती चित्रे पाहून पारशी समाजाची तेवढी बाजूला काढली आणि यांचे पुस्तक कर म्हणून सांगितले. ते पुस्तक निघावयास २००० साल उजाडले, आणि तेही त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केले. मध्यंतरी पोट भरले ते चित्रपटकथा लिहून. ‘सलाम बॉम्बे’ची पटकथा त्यांचीच. वीस वर्षांहून अधिक काळ एक विषय आपल्या खर्चाने सांभाळणे, ही हौस नव्हे. तिला दुसरे काही नाव दिले पाहिजे.

भावनगरचे किशोर पारेख यांनी तर १९७१ च्या डिसेंबरात, कोणत्याही पत्राने पाठविले नसता, स्वतःच बांगलादेशाच्या रणभूमीवर धाव घेतली, आणि तेथील सदुसष्ट चित्रांचे पुस्तक केले. पण युद्धाची गोष्ट वेगळी. विद्यार्थ्याने ती अंगावर घेऊ नये.

आता आज सुरतेत शिकणाऱ्या एखाद्या मराठी मुलाचा विचार करू. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली आपली हजारो कुटुंबे आहेत. बाप यंत्रमागावर, बारा तासांची पाळी. कारखान्यात गोंगाट इतका की शेजारच्याशी खुणेने बोलावे, हवेत सुताची पिंज, उजेड अपुरा. मोबाइल तिथेही फोटो काढील. परंतु ज्याच्यापाशी दोनच रोल आहेत तो मुलगा दोन रात्री नुसता बापाच्या मागे उभा राहील. ताणा तुटल्यावर बोटे कशी धावतात, पाळी बदलताना माणूस दारात क्षणभर का थांबतो, डब्यातली भाकर कोणत्या वेळी उघडते, हे त्याला आधी डोळ्यांनी शिकावे लागेल. बहात्तर चित्रांतून दहा निघाली तरी पुष्कळ. अपुऱ्या उजेडासाठी चारशे अंकाची जलद फिल्म घ्यावी, आणि काळी-पांढरी घ्यावी. ती घरीही धुता येते, आणि तेवढाच खर्च वाचतो.

बाकीच्या खर्चासाठी मी मुलांना दोन मार्ग सुचवीत असतो. एक, लग्नसमारंभात एखाद्या छायाचित्रकाराच्या हाताखाली सुटीत काम करावे; दिवे धरावे, सामान उचलावे, मजुरी रोख घ्यावी आणि त्यातून रोल आणावे. दोन, तिघा-चौघांनी मिळून एकच कॅमेरा व धुण्याची भांडी घ्यावी. औषध एकदा कालवले की त्यात एकाऐवजी चार रोल धुऊन होतात. हप्त्याने नवा कॅमेरा घेण्यास मात्र माझा विरोध आहे. आजोबांचा जुना यंत्री कॅमेरा बहुधा भिंगावरची बुरशी काढून, आतली सडलेली स्पंजाची पट्टी बदलून चालू होतो, आणि ज्यात बॅटरीवाचून झडप उघडते तो सर्वांत उत्तम.

आणि ज्याचे चित्र काढले त्याला एक प्रत नेऊन द्यावी. हा खर्च हिशेबात आधीच धरावा. मागावरच्या माणसाचा चेहरा प्रदर्शनात टांगला गेला आणि त्याच्या घरच्या भिंतीवर काहीच नाही, हे बरे दिसत नाही. पुष्कळ घरांत मेलेल्या माणसाचा फोटो हा शिधापत्रिकेवरून मोठा केलेला असतो. त्यांना अशा प्रतीची किंमत आपल्याहून अधिक कळते.

राहता राहिले निगेटिव्ह जपणे. आपल्या किनारपट्टीवर चार महिने हवेत पाणी असते, आणि जिलेटिन हे बुरशीचे आवडते खाद्य. तेव्हा जुन्या किंवा नव्या, कोणत्याही निगेटिव्ह साध्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नयेत. पट्ट्या कापून, कागदाच्या पाकिटात एकेक निराळी ठेवावी, पाकिटावर साल व गाव आधीच पेन्सिलीने लिहून ठेवावे, आणि ती पाकिटे घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावीत. डबा माळ्यावर नको, तेथे उष्णता फार. भिंतीला लागून नको, तेथे ओल. कपाटाच्या मधल्या फळीवर, कपड्यांच्या घडीत ठेवला तर चालतो, पण डांबराच्या गोळ्या त्यापासून दूर ठेवाव्यात. दर दिवाळीपूर्वी, सफाईच्या वेळी, डबा उघडून पुड्या बदलाव्यात.